एक्केचाळीस वाटाणे

"अहो, पाय! पाय बघा की जरा!"

लिफ्टवाल्याने दचकून उजवा पाय वर घेतला आणि तसाच एका पायावर उभा राहिला. समोर चिखलाने माखलेले बूट घातलेली, केस कसेबसे वर खोचलेली एक मुलगी हातात खुरपं घेऊन उभी होती. याने तिच्या सख्ख्या भावालाच तुडवलं असावं, अशी ती त्याच्याकडे बघत होती.

"का? काय... काय आहे इथे?"

"मुळे आहेत. सहा दिवसांपूर्वी पेरलेत. आजच जरा डोकं वर काढलं होतं बिचाऱ्यांनी."

"दिसले नाहीत हो."

"मग डोळे तपासून घ्या. बाजाराच्या वळणावर चष्म्याचं दुकान आहे ना, तिथे मीच असते." मग तिची नजर त्याच्या अधांतरी पायाकडे गेली आणि ओठांचा कोपरा किंचित हलला. "आणि तो पाय किती वेळ धरणार? ठेवा मागे. मागे म्हणजे... अहो, तिकडे पालक आहे!"

आता प्रेमात पडायला ही काय जागा झाली? पण पडला बुवा. त्याच क्षणी, मुळे आणि पालक यांच्या मधोमध, एका पायावर उभा असताना पडला. हे त्याला स्वतःला कळायला मात्र आणखी तीन आठवडे लागले.

पाण्याच्या उंच टाकीमागे नगरपालिकेने मोकळ्या जमिनीचे तीस वाफे आखून हौशी लोकांना दिले होते. तिथे माणसं एकमेकांना कामावरूनच ओळखत. नर्सबाई, पोस्टमनकाका, चष्मेवाली. हा नवा आला तो लिफ्टवाला. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या शाफ्टमध्ये ग्रीसने हात बरबटून घेणारा माणूस. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, उघड्यावरचा एखादा छंद लावून घ्या, नाहीतर रंग अळंब्यासारखा होईल. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा त्याला वाफा मिळाला तो नेमका तिच्या शेजारचा.

थंडी हळूहळू मागे सरत होती. सकाळी मातीवर पांढुरकं दव असायचं आणि दहा वाजेपर्यंत ऊन असं कोवळं पडायचं की कोट काढावासा वाटे, काढला की परत घालावासा वाटे. तिने त्याला वाफा भुसभुशीत करायला शिकवलं, गाजराचं बी किती खोल टाकायचं ते शिकवलं.

"नखाएवढं खोल. तुझ्या नव्हे, माझ्या नखाएवढं."

"दाखव बघू तुझं नख."

"कशाला? लांबूनच दिसतंय की."

"डोळे तपासायचेत ना माझे. लांबचं दिसत नाही."

"फार शहाणा आहेस," म्हणत तिने मातीचा हात त्याच्यापुढे धरला खरा. 'अहो' कधी गेलं आणि 'अरे' कधी आलं, दोघांपैकी कुणालाच कळलं नाही. नर्सबाईंना मात्र कळलं. त्यांना सगळंच कळतं.

तिच्या वाफ्यात एक कोपरा मात्र असा होता, जिथे कुणी वाकून बघितलेलंसुद्धा तिला खपत नसे. तिथे तिच्या बाबांचा वाटाणा होता.

बाबा म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, घरात वॉकर घेऊन येरझारा आणि दर तासाला लेकीला फोन. बावीस वर्षं त्यांनी एकच वाटाणा जपला होता. दरवर्षी लावायचा, खायचा आणि निवडक शेंगा वाळवून पुढच्या वर्षीचं बियाणं ठेवायचं. कच्चा खावा इतका गोड, आणि बाजारात मिळतच नाही. गेल्या वर्षी त्या बियाण्याला कीड लागली. डबा उघडला तर दाण्यादाण्याला भोक. मास्तरांनी भिंग घेऊन दोन दिवस निवडलं, तेव्हा एक्केचाळीस धड दाणे निघाले. ते सगळेच्या सगळे त्यांनी कागदी कपांत रुजवले. एकही मागे ठेवला नाही.

"हे गेले की गेलं सगळं," ती एकदा म्हणाली. तेव्हा ती हसत नव्हती. "ऑपरेशनला आत नेताना बाबांनी काय विचारलं माहितीये? मला वाटलं, घाबरलेत. तर म्हणाले, रोपांना कोण बघणार?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मी आहे ना."

ती रोपं तिने बुधवारी कागदी कपांसकट मातीत बसवली. हळूहळू कागद विरतो आणि मुळं बाहेर पडतात. शनिवारी तिला दुकानात अडकून पडावं लागलं आणि तिचा फोन आला.

"ऐक ना... एक काम करशील? वाटाण्याला पाणी. हलक्या हाताने, मुळाशी. मी कुणालाच सांगत नाही हे काम."

"मला सांगतेयस की."

"हो... तेच तर," ती म्हणाली आणि फोन पटकन ठेवला.

लिफ्टवाल्याला आभाळ ठेंगणं झालं. तिची झारी खोपटात कुलूपबंद होती, म्हणून त्याने स्वतःचीच घेतली. एकेका रोपाशी उकिडवा बसून, बाळाला दूध पाजावं तसं त्याने पाणी पाजलं. चांगला पाऊण तास चालली ती पूजा.

रविवारी सकाळी टाकीच्या पायऱ्यांवर नेहमीची बैठक भरली. थर्मासमधला चहा, आणि कुणी काय पेरलं, कुणाचं काय उगवलं, याच्या फुशारक्या. पोस्टमनकाकांचा लेट्युस गोगलगाईंनी खाल्ला होता. पण त्याहून मोठी बातमी म्हणजे त्यांना पहाटे दुर्बिणीतून खंड्या दिसला होता.

"आठवडाभर चालून पोट भरत नाही म्हणून हे सुट्टीच्या दिवशी डोंगर चढून पक्षी बघतात," नर्सबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांचं बरं. गळ टाकून बसतात. मासा नाही, बोलणं नाही. लग्नानंतरच्या तीस वर्षांत मोठा पराक्रम एकच, माझे टोमॅटो मारले."

"ते कसे?"

"तणनाशकाच्या झारीने पाणी घातलं ना!"

लिफ्टवाल्याच्या हातातला कप ओठांपाशीच थांबला.

"धुतली नव्हती का झारी?" काकांनी विचारलं.

"दोनदा विसळली म्हणे! विसळून काय होतंय? ते औषध प्लॅस्टिकला धरून बसतं. टोमॅटो, वाटाणा, घेवडा, असल्या नाजूक पिकाला थेंबभर पुरतं. पहिले चार-पाच दिवस काही म्हणजे काही दिसत नाही. मग शेंडे असे..." त्यांनी बोटं आत मुडपली, "...मुरडतात. आटोपला कारभार."

दहा दिवसांपूर्वी वाफ्यांमधल्या वाटेवरचं रानगवत मारायचं काम लिफ्टवाल्याकडे आलं होतं. औषध त्याने आपल्याच झारीत कालवलं होतं. नंतर झारी विसळली होती. दोनदा.

"मग... त्यावर उपाय काय?" आवाज शक्य तितका साधा ठेवत त्याने विचारलं.

"उपाय आहे की. एखाद्या दिवसात कळलं तर रोप उपटायचं, मुळं धुवायची, नव्या मातीत लावायचं. काही जगतात. पण त्याला आधी कुणी तोंड उघडायला नको? हा बाबा आठवडाभर गप्प! वर मलाच सांगतो, ऊन लागलं असेल."

सगळे खो खो हसले. सगळ्यांत जास्त चष्मेवाली हसली. हसता हसता तिचा खांदा त्याच्या खांद्याला टेकला, आणि तिने तो काढून घेतला नाही.

"कालच्या पाण्याबद्दल थँक्स हं," ती हळूच म्हणाली. "बाबांना सांगितलं मी, कुणी घातलं ते. आधी दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, आण एकदा त्याला घरी."

सांग. आत्ता सांग. त्याने तिच्याकडे पाहिलं. उन्हाने तिचे डोळे बारीक झाले होते आणि गालावर मातीचा एक ठिपका होता.

"अगं..."

"काय रे?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यांमध्ये लिफ्ट अडकली होती, आत दोन माणसं होती. "जावं लागेल," तो म्हणाला आणि जवळजवळ पळालाच. फाटकाबाहेर पडल्यावर त्याच्या मनात पहिला शब्द आला, 'सुटलो'. त्या शब्दाची त्याला इतकी लाज वाटली की सायकलचं कुलूप उघडेना.

लिफ्टमध्ये एक आजोबा आणि आजी होत्या. आतून आजोबा दार बडवत होते. "अहो, कोण आहे? किती वेळ लागेल? खरं सांगा!"

या धंद्यातली बहुतेक माणसं अशा वेळी 'झालंच, दोन मिनिटं' म्हणतात. लिफ्टवाला कधीच म्हणत नसे. त्याच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की बंद पेटीतल्या माणसाला खरी वेळ सांगायची, ती तो सोसतो. दोन मिनिटांची वीस झाली की मात्र त्याचा जीव जातो.

"वीस मिनिटं लागतील, आजोबा," तो ओरडला. "कदाचित पंचवीस. पण मी इथेच आहे, हलणार नाही."

"बरं बरं," आजोबा एकदम शांत झाले. "हिला सांगतो तसं."

वर मशीनच्या खोलीत ब्रेक सोडवता सोडवता त्याला स्वतःचाच राग आला. ज्यांचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही त्यांना खरं सांगतोस आणि तिला नाही? तिला ऊन लागलं असेल म्हणून सांगणार आहेस? माणसं सुखरूप बाहेर काढली, लिफ्टला 'बंद आहे' पाटी लावली आणि आजीने पुढे केलेलं पाणीही न पिता त्याने सायकल बाजाराकडे हाणली. दोन वाजत आले होते. पाणी घालून वीस तास झाले होते.

चष्म्याचं दुकान रविवारी दुपारीही उघडं असे. आतल्या अंधाऱ्या खोलीत एक बाई तपासणीच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"ही काच बरी की ही?"

"पहिली... नाही, दुसरी. परत दाखव ग पहिली."

लिफ्टवाला दारात उभा राहून घामाघूम होत होता. त्याला पाहून तिने डोळे मिचकावले. शेवटी बाईंचं एकदाचं ठरलं, त्या गेल्या, आणि ती हसत पुढे आली.

"आलास शेवटी डोळे तपासायला! बस."

"ऐक, मला..."

"आधी बस रे." तिने त्याला खुर्चीत ढकललंच आणि तपासणीची ती लोखंडी चौकट त्याच्या नाकावर चढवली. तिची बोटं त्याच्या कानामागे क्षणभर रेंगाळली. "हं. शेवटची ओळ वाच."

"नाही वाचता येत."

"इतकं वाईट आहे? बरं, मग माझ्याकडे बघ. काय दिसतं?"

तिचा चेहरा वितभर अंतरावर होता. भुवईवरचा बारीकसा तीळ त्याला आज पहिल्यांदा दिसला. कुठल्याही माणसाने या क्षणासाठी महिनाभर देव पाण्यात ठेवले असते, आणि याला तो क्षण स्वतःच्या हाताने मोडायचा होता.

"काल मी तुझ्या वाटाण्याला माझ्या झारीने पाणी घातलं," तो म्हणाला. "त्या झारीत तणनाशक होतं. आधी, म्हणजे दहा दिवसांपूर्वी. मी विसळली होती. मला माहीत नव्हतं... सकाळी नर्सबाई बोलल्या तेव्हा कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही."

तिने चौकट त्याच्या नाकावरून उतरवली, घडी केली, पेटीत ठेवली.

"सगळ्यांना घातलंत?"

घातलंत. तो 'त' त्याला थप्पड बसावी तसा लागला.

"हो. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस."

तिने दुकानाची पाटी उलटी केली, किल्ली घेतली आणि चालायला लागली. तो सायकल ढकलत मागे. वाटेत तिचा फोन वाजला. बाबा.

"हो, बाबा," तिचा आवाज अगदी सरळ होता. "हो... छान आहेत रोपं. ठेवते."

मग वाफ्यात दोघं गुडघ्यांवर बसली. कप अजून पुरते विरले नव्हते, म्हणून मुळं कपांतच होती. तेवढंच काय ते नशीब. ती एकेक रोप अलगद सोडवी, बादलीतल्या पाण्यात मुळं धुई, पुन्हा दुसऱ्या बादलीत धुई, आणि नव्या मातीच्या कपात बसवी. तो टाकीच्या नळावरून पाणी आणत होता. किती बादल्या झाल्या याचा पत्ता नव्हता. ती फक्त दोन शब्द बोलत होती, "पाणी" आणि "माती". बाराव्या रोपाचं मूळ तिच्या बोटांत तुटलं, तेव्हा ती थांबली. पाठ त्याच्याकडे होती. तिचे खांदे हलताना त्याला दिसले आणि तो जागचा हलू शकला नाही.

"मी..."

"पाणी," ती म्हणाली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा शेवटचा कप भरला. दोन ट्रे. तिने दोन्ही उचलले.

"मी घेऊ का एक?"

"नको." जरा थांबून तिने विचारलं, "सकाळी मी बाजूला बसले होते. तेव्हा का नाही बोललात?"

"तू हसत होतीस," तो म्हणाला. "ते हसणं आणखी थोडा वेळ हवं होतं मला. हे कारण नाही, माहितीये. पण खरं आहे."

ती गेली.

घरी बाबा होते, म्हणून तिने रोपं दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवली. चष्म्यांच्या फ्रेमा बाजूला सारून तिथे एक्केचाळीस कागदी कप. समोर रस्त्यापलीकडे बसथांबा होता. लिफ्टवाल्याला कुठेही बसने जायचं नव्हतं, पण तो रोज तिथे येऊन उभा राहू लागला.

पाचव्या दिवशी पहिला शेंडा मुरडला. नर्सबाईंनी बोटं मुडपली होती, अगदी तसाच. दुसऱ्या दिवशी काचेत चौतीस कप होते. मग सव्वीस. मग एकोणीस. रोज सकाळी ती एकेक कप उचलून बघायची, काही मागे घेऊन जायची आणि मान वर करायची नाही. त्याची झोप उडाली. कामावर उस्ताद म्हणाले, "तुझं लक्ष नसेल तर शाफ्टमध्ये उतरू नकोस बाबा, घरी जा." तो घरी न जाता बसथांब्यावर गेला. चौदा.

दहाव्या दिवशी काचेत अकरा कप होते. त्या सकाळी तिने ते मागच्या फळीवरून काढले आणि अगदी पुढे, काचेला टेकवून एका ओळीत मांडले. रस्त्यापलीकडून नीट दिसतील असे. मान वर केली नाहीच.

अकरावा दिवस, अकरा. बारावा दिवस, अकरा. तेराव्या दिवशी दुपारी दुकानाचं दार उघडलं आणि ती रस्ता ओलांडून थेट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. हातात ट्रे.

"किती बस सोडल्यास आतापर्यंत?"

सोडल्यास. त्याने एकदम श्वास सोडला.

"मोजल्या नाहीत. मी... कपच मोजत होतो."

"मला दिसत होतं. माझे डोळे चांगले आहेत." तिने ट्रे पुढे केला. अकरा रोपं, शेंडे ताठ, एकाला तर दोऱ्यासारखा ताणा फुटला होता आणि तो शेजारच्या कपाला विळखा घालू बघत होता. "नर्सबाई म्हणाल्या, आता धोका नाही. आणखी काही दिवस तसंच राहिलं असतं तर एकही उरला नसता असंही म्हणाल्या."

त्याने तो ताणा बोटाने हलकेच सोडवला.

"तीस तुझ्यामुळे मेले," ती म्हणाली. "आणि अकरा तू सांगितलंस म्हणून जगले. तेरा दिवस मी ठरवतेय की तुझ्यावर रागवावं की... ठरतच नाही! रागवायला बसलं की तो चौकट चढवलेला घाबरा चेहरा आठवतो. वैताग आणलायस तू मला."

"मग आता?"

"आता बाबांकडे चल. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं."

"मी?"

"केलं कुणी?"

"मी." तो दोन पावलं चालला आणि थांबला. "एक मिनिट. त्यांनी मला घराबाहेर काढलं तर हे सांगायला मिळणार नाही, म्हणून आत्ताच सांगतो. मला तू आवडतेस. मुळ्यावर पाय दिला त्या दिवसापासून. वाटाणा जगला नसता तरी आवडलीच असतीस, फक्त मग सांगायचं तोंड राहिलं नसतं."

ती लाल झाली. बसथांब्यावरच्या दोन शाळकरी मुली फिदीफिदी हसल्या.

"रस्त्यात काय बोलतोस!" ती पुटपुटली. मग ट्रे एका हाताने सावरत तिने दुसरा हात त्याच्या कोपरात घातला. "चल. आणि हो... मलाही. पण बाबांसमोर आधी वाटाण्याचं."

मास्तरांनी स्वतःच दार उघडलं, वॉकरवर रेलून. उंच, किडकिडीत माणूस. डोळे थेट ट्रेवर गेले. एक लांब बोट हवेत हलू लागलं आणि अकरावर थांबलं.

"बाकीचे?"

"गेले, काका," लिफ्टवाला म्हणाला. "माझ्या चुकीने गेले. तणनाशकाची झारी होती, मी तीच वापरली. तीस रोपं गेली. हिची काही चूक नाही."

मास्तरांचा चेहरा ओढल्यासारखा झाला. त्यांनी वाकून एका रोपाच्या पानाला बोट लावलं आणि तसंच ठेवलं.

"बावीस वर्षं..." ते म्हणाले. आवाज फाटला. तिने पुढे होऊन त्यांचा दंड धरला. "आणि तुला हे कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

"हिला कधी सांगितलंस?"

"दुपारी. सकाळीच सांगायला हवं होतं. चार तास घाबरलो."

"चार तास," मास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. मग लेकीकडे पाहिलं. ती त्यांचा दंड सोडून पुन्हा लिफ्टवाल्याशेजारी ट्रे धरून उभी होती आणि तिचा खांदा त्याच्या खांद्याला टेकलेला होता. तो तिने बाबांसमोरही काढून घेतला नव्हता.

"ऐका," मास्तर म्हणाले. "यंदा एकही शेंग खायची नाही. सगळ्याचं बियाणं करायचं. कुणी एक दाणा तोंडात टाकलेला मला खपणार नाही. खायचं ते पुढच्या वर्षी."

"हो, काका."

"तुम्ही दोघांनीसुद्धा. आणि आधीच सांगून ठेवतो," त्यांनी वॉकर बाजूला सरकवत दार पूर्ण उघडलं. "पुढच्या वर्षी हा वाटाणा तिघांत वाटायचा आहे."